हरिश्चंद्रगडावरचा मुक्काम: दोन विहिणी, एक तंबू आणि अडकलेली चेन

आधी चेनचं सांगते, कारण तक्रार म्हणून जी काही आहे ती मुख्यतः तीच. तंबूत आम्हाला दोन स्लीपिंग बॅगा मिळाल्या. एक बरी होती. दुसरीची चेन गुडघ्यापाशी येऊन जी रुतली ती ना वर सरके ना खाली. रात्री साडेदहा वाजता कपाळाला बॅटरी बांधून मी आणि माझ्या विहीणबाई त्या चेनवर मेणबत्ती घासत बसलो होतो. मेणबत्ती विहीणबाईंच्या पिशवीतली. त्यांच्या पिशवीत काय नव्हतं ते सांगणं सोपं जाईल.

आता नीट सुरुवातीपासून. मी डोंबिवलीची, वय एकोणसाठ, शाळेच्या ऑफिसातून निवृत्त. १९८७ साली कॉलेजात असताना एकदा हरिश्चंद्रगड केला होता, खिरेश्वरकडून, तोलारखिंडीच्या वाटेनं. त्या वेळी खुबी फाट्याला एसटीतून उतरून चालायला लागायचं, तांदूळ-डाळ-कांदे पाठीवर, आणि रात्री मंदिराजवळच्या गुहेत झोपायचं. गुहेत शेळ्यांच्या लेंड्या झाडून आम्ही सतरंजी टाकली होती एवढं पक्कं आठवतं. त्यानंतर नोकरी, लग्न, लेक, गुडघे. लेक दिली संगमनेरला. तिच्या सासूबाई, म्हणजे माझ्या विहीणबाई, जन्मापासून त्याच जिल्ह्यातल्या. पण गड काही पाहिला नव्हता. कधी विषय निघाला की म्हणायच्या, "गड काय पळून चाललाय का?" गेल्या दिवाळीत मी म्हटलं, "गड नाही पळत, पण आपल्याला आता पळता येत नाही. चला." आणि त्या चक्क "चला" म्हणाल्या. घरात कुणाचा विश्वास बसला नाही. माझी लेक तर मला बाजूला घेऊन म्हणाली, "आई, दोघी एका तंबूत? नक्की ना?"

लग्नाला सहा वर्षं झाली. वाद असा कधी झालेला नाही, पण विहिणी-विहिणींत जे असतं ते आमच्यातही होतं. ते पुढे येईलच.

ज्यांच्याकडे उतरलो त्यांचं नाव आणि नंबर इथे देत नाही. त्यांनीच नको म्हटलं. शनिवारी-रविवारी आहेत तेच फोन त्यांना उरकत नाहीत. पाचनई गावातलं कुटुंब आहे. खाली गावात घर आणि वर गडावर, मंदिराकडून कोकणकड्याकडे जाताना, निळ्या ताडपत्रीचं छप्पर. तिथे चूल, बाकडी आणि मागे सात-आठ तंबू. गडावर अशी बरीच छपरं आहेत, सगळी आसपासच्या गावांतल्या लोकांची. त्यामुळे मी लिहिते आहे ते थोड्याफार फरकानं इतरांनाही लागू पडेल, चेन सोडून.

फोनवर पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो असा: "मावशी, गुडघे कसे हायत?" किती जण, जेवण काय, आगाऊ रक्कम कधी पाठवता, हे सगळं त्यानंतर. मी खरं सांगितलं. मग त्यांनी खिरेश्वरची वाट साफ नाकारली. "तिकडून लांब पडंल, खिंडीच्या वर कातळ चढावा लागतोय, मग टेकाडावर टेकाड. तुम्ही पाचनईकडून या, आणि नऊच्या आत या. उन्हाचं चढू नका." मला मनातून खिरेश्वर हवं होतं, जुन्या आठवणींसाठी. पण माणूस बरोबर बोलत होता. कोकणकड्याच्या बाजूच्या त्या अवघड नळीच्या वाटेचं तर त्यांनी नावच काढू दिलं नाही (मी गमतीनं काढलं होतं). धंदा करणारा माणूस गिऱ्हाइकाला "हे तुम्हाला झेपणार नाही" म्हणतो, याला माझ्या हिशेबात निम्मे गुण तिथेच.

वार ठरवायला मात्र आठवडा गेला. डिसेंबरची सुरुवात, मार्गशीर्ष चालू, विहीणबाईंचे गुरुवार. गुरुवारी घट, पूजा, संध्याकाळी सवाष्णी. शनिवार-रविवारी गडावर जत्रा असते म्हणून ते नको. राहिला शुक्रवार. शुक्रवारी चढायचं, शनिवारी गर्दी वर यायच्या आत उतरायचं.

जावईबापूंनी गाडीनं पाचनईपर्यंत सोडलं. अकोले, राजूर आणि पुढे. राजूरनंतरचा रस्ता कुठे चांगला, कुठे नुसता रस्ता असल्याची खूण. पाचनईत त्यांच्या अंगणात चहा झाला. चहा गोड, म्हणजे इतका गोड की चमचा उभा राहावा. मधुमेह असेल तर आधीच सांगा. वनखात्याच्या नाक्यावर पावती फाडली. हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, त्यामुळे पावती घ्यावीच लागते, आणि मुक्कामाबद्दलचे नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा निघण्याआधी फोन करून विचारा.

सामान बघून दादा (फोनवर बोललेले, सोय चालवणारे तेच) हसले. माझ्याकडे एक सॅक, लेकीची. विहीणबाईंकडे एक पिशवी आणि एक वाकळ. वाकळ म्हणजे आमच्या घरातली पातळ गोधडी समजू नका. जुन्या लुगड्यांचे पाच-सहा थर, हातानं टाके घातलेली, वजन एखाद्या लहान पोराइतकं. मी संगमनेरलाच म्हटलं होतं, "अहो, वर स्लीपिंग बॅग मिळणार आहे." त्या म्हणाल्या, "मिळू द्या. परक्याच्या अंथरुणात मला झोप नाही." मला थोडं हसू आलं, थोडी लाजही वाटली. तंबू-सॅक-स्लीपिंग बॅगवाल्या जगात आपण वाकळ घेऊन निघालोय असं. दादांचा पुतण्या होता सतरा-अठरा वर्षांचा, त्यानं ती दोरीनं बांधून पाठीवर टाकली. वर पोचवायचे दोनशे रुपये ठरले. तो आमच्या आधी तासभर वर पोचला होता हे नंतर कळलं.

पाचनईची वाट सगळ्यांत सोपी समजतात आणि ती आहेच. पण सोपी वाट म्हणजे सपाट वाट असं मनात धरून येऊ नका. सुरुवातीला झाडी, मग कातळाच्या पायऱ्यांसारखा चढ, आणि मग तो सुंदर टप्पा येतो जिथे वाट कड्याच्या पोटाखालून जाते. डोक्यावर कातळ पुढे झुकलेला, एका बाजूला दरी. अवघड जागी रेलिंग लावलेलं आहे. पावसाळ्यात इथे अंगावर पाणी कोसळतं म्हणतात. आम्हाला फक्त ओल आणि वास लागला. माझे बूट ॲक्शन ट्रेकिंगचे, लेकीनं हट्टानं घ्यायला लावलेले. सुकलेल्या कातळावर फारच चांगले धरतात. विहीणबाईंचे बूट नातवाच्या शाळेच्या पीटीचे, पांढरे. तेही टिकले, सांगायला वाईट वाटतं.

लोकांना दोन-अडीच तास लागतात. आम्हाला सव्वातीन लागले. मधल्या टपरीवर ताक प्यायलो, दुसऱ्या टपरीवर मीठ लावलेली काकडी खाल्ली. दादा पूर्ण वेळ आमच्या मागे होते. हे महत्त्वाचं. पुढे चालून दर वळणावर उभं राहून "या, या" करणारा वाटाड्या म्हाताऱ्या माणसाला फार घाई लावतो. हे मागे राहिले. आम्ही थांबलो की तेही थांबत आणि एखादं झाड दाखवत. आमचा दम गेलाय हे त्यांच्या लक्षात आलंय, असं एकदाही जाणवू दिलं नाही.

वर पोचलो सव्वा वाजता. इथून दुसरी तक्रार. जेवण तयार असेल असं फोनवर सांगितलं होतं, ते मिळालं पावणेतीनला. कारण एकच चूल आणि आधी आलेला अकरा मुलांचा गट. पोटात कावळे ओरडत असताना दुसऱ्याच्या ताटात पिठलं पडताना बघणं हा एक वेगळाच उपवास आहे. विहीणबाई शेवटी उठून चुलीपाशी गेल्या आणि भाकरी थापायला बसल्या. वहिनी (दादांच्या मंडळी) "नको, नको" म्हणेपर्यंत यांच्या दोन झाल्या होत्या.

पण जेवण. तांदळाची भाकरी, नाचणीची भाकरी, हुलग्याचं पिठलं, खुरासणीची चटणी, कांदा, ठेचा आणि शेवटी वाफाळता भात. हा भाग भाताचा आहे, खुरासणीचाही आहे, त्यामुळे ताटात जे आलं ते तिथल्याच मातीतलं. त्या चटणीत लसूण आणि मिरची आणि बाकी काही नाही. गावठी कोंबडीचंही विचारलं, पण मार्गशीर्ष, त्यामुळे आमचा प्रश्नच नव्हता. पिठल्याला हात राखून तेल घातलेलं होतं. डोंबिवलीत हल्ली "गावरान थाळी" म्हणून जे मिळतं त्यात तेलाचा तवंग बाजूला सारून पिठलं शोधावं लागतं. इथे तसं नाही. मी साडेतीन भाकऱ्या खाल्ल्या. आकडा लिहायला लाज वाटत नाही.

दुपारी पडून घेतलं आणि पावणेपाचला कोकणकड्याकडे निघालो. मंदिराच्या भागापासून अर्धा-पाऊण तास, जवळजवळ सपाट. गडाची उंची १४२४ मीटर सांगतात, वरचं तारामती शिखर १४२९; तिथे आम्ही गेलो नाही आणि त्याचं दुःखही नाही. कोकणकडा मात्र चुकवू नये. सरळ भिंतीसारखा कडा कुठेही असतो. हा आत वळलेला आहे, खाली कुणी मोठा घास घेतल्यासारखा, त्यामुळे काठावर उभं राहून पाय कशावर टेकलेत ते दिसतच नाही. इंग्रजांच्या काळात कर्नल साइक्स या अधिकाऱ्याला इथे इंद्रवज्र दिसलं होतं, म्हणजे पूर्ण गोल इंद्रधनुष्य, मधोमध स्वतःची सावली. त्याला दरीतलं धुकं आणि पाठीमागून ऊन असं दोन्ही लागतं. आमच्या वाट्याला डिसेंबरचं कोरडं आभाळ होतं.

दादांनी काठापासून बऱ्याच अलीकडे आम्हाला बसवलं, मग पोटावर झोपवलं, आणि म्हणाले, "आता सरका. जेवढं बघायचं तेवढं सरका, उभं ऱ्हायचं न्हाई." बाजूला एक जोडपं अगदी टोकाशी उभं राहून फोटो काढत होतं, त्यांनाही त्यांनी मागे घेतलं. ती त्यांची गिऱ्हाइकं नव्हती. वारा खालून वर येतो. विहीणबाईंच्या डोक्यावरचा पदर उलटा आभाळाकडे उभा राहिला.

खाली दिवे लागायला लागले. मी विचारलं, "खाली कुठलं गाव?" दादा म्हणाले, "बेलपाडा. मुरबाड तालुका, ठाणे जिल्हा." म्हणजे माझा जिल्हा! आणि आम्ही पालथ्या पडलो होतो तो अकोले तालुका, विहीणबाईंचा जिल्हा. दोन जिल्हे, मध्ये नुसती हवा. मी ते बोलून दाखवलं, तर विहीणबाई पालथ्याच, हनुवटी कातळावर टेकवून, म्हणाल्या, "बघा. वरपक्ष वरच असायचा."

दादा इतके हसले की त्यांनाच मागे सरकायला सांगावं लागलं.

रात्रीचं जेवण आठला. परत पिठलं-भाकरी, सोबत आमटी. इथपर्यंत सगळं छान. मग त्या अकरा जणांनी स्पीकर काढला. तंबूला भिंत नसते, कापड असतं. गाणं आमच्याच उशाशी चालू असल्यासारखं. साडेनऊपर्यंत मी काही बोलले नाही. मग दादांना सांगायला गेले तर ते जेवायला बसलेले. वहिनी उठल्या, हात पदराला पुसले, तिकडे गेल्या आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "पोरांनो, बंद करा ते. अभयारण्य हाय. आन् इथं म्हाताऱ्या बाया झोपल्यात." स्पीकर बंद. एक मुलगा येऊन "सॉरी आजी" म्हणून गेला.

विहीणबाई तंबूत बसून म्हणाल्या, "म्हाताऱ्या कोण?"

सोय चालवणाऱ्यांना एवढंच सांगेन की स्पीकर चालणार नाही हे आगाऊ रक्कम घेतानाच सांगा. दर रात्री बाईमाणसानं उठून जाऊन सांगायचं हे काही बरोबर नाही. ही माझी तिसरी तक्रार.

आता चेन. मेणबत्तीनं काही झालं नाही. पुतण्याला हाक मारली, त्यानं पक्कड आणली आणि चेनचा दाताच तोडला. दुसरी बॅग शिल्लक नव्हती. अकरा मुलांनी सगळ्या घेतलेल्या. एक जाड चादर मिळाली. गडावरच्या पठारावर डिसेंबरात रात्री वारा सुटला की चादर म्हणजे कागद. मुंबईकडून येणाऱ्यांना थंडीचा अंदाज नसतो, मलाही नव्हता. पायांत दोन-दोन मोजे, कानटोपी, स्वेटर, तरी पाठ गार. शिवाय तंबूच्या कापडाला आतून दव धरतं आणि हात लागला की टपकन अंगावर पडतं.

विहीणबाईंनी एक शब्द न बोलता वाकळ उलगडली आणि अर्धी माझ्यावर टाकली.

ऊब लागली तसं मी बॅटरीच्या उजेडात टाके बघत पडले. बारीक, सरळ, एका मापाचे. एक तुकडा निळ्या लुगड्याचा, एक चौकडीचा, त्यांच्या सासऱ्यांच्या धोतराचा एक पांढरा. आणि पायाकडच्या बाजूला आमसुली रंग, मोरपंखी काठ. मी उठून बसले. ती साडी मी ओळखली. मानपानात मीच त्यांना दिलेली. दादरला तीन दुकानं पालथी घालून घेतलेली सुती नारायणपेठ. सहा वर्षांत एकदाही त्यांच्या अंगावर दिसली नव्हती, आणि सहा वर्षं मी लेकीला विचारत होते की साडी गेली कुठे. लेक दर वेळी विषय बदलायची.

"विहीणबाई, ही..."

"हो," त्या म्हणाल्या. "तीच."

थोडा वेळ बाहेर नुसता वारा.

"रंग मला आवडला नव्हता," त्या म्हणाल्या. "मी काळी, त्यात आमसुली. पण कापड फार मऊ होतं हो. कुणाला द्यायला जीव होईना. म्हणून वाकळेत घातली. रोज अंगावर आहेच की."

मला राग यायला हवा होता. मी म्हटलं, "दुकानदारानं हिरवीही दाखवली होती." "मग हिरवी का नाही घेतली?" "ती सहाशेनं महाग होती." आणि त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की आता त्या मुलांनी येऊन "आजी, आवाज कमी करा" म्हणावं. पुढे तासभर लग्नाच्या पंगतीपासून रुखवतातल्या करंज्यांपर्यंत सगळं निघालं. कुणाचं काय चुकलं याची यादी त्यांच्याकडेही होती, माझ्याकडेही होती; त्यांची जास्त मोठी होती. ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही, तंबूच्या सोयीशी त्याचा संबंधही नाही.

शौचालयाबद्दल बायका मला नक्की विचारतील. पत्र्याचा आडोसा, आत खड्ड्याचं भांडं, बाहेर पाण्याचं पिंप, डबा. कडी आहे. दिवा नाही, बॅटरी न्या. दिवसा स्वच्छ होतं, पहाटे तितकं नव्हतं. तंबूपासून साठ-सत्तर पावलं, वाट दगडांची. पहाटे चारला आम्ही दोघी हात धरून गेलो. येताना विहीणबाईंनी वर बघितलं. मृग पश्चिमेला कलला होता, ईशान्येला सप्तर्षी वर आलेले. त्यांच्या माहेरी सप्तर्षींना म्हातारीची बाज म्हणायचे, आणि शेपटाकडचे तीन तारे म्हणजे बाजेचे पाय चोरायला आलेले चोर. "म्हातारीला झोप लागली की चोर बाज नेणार," त्या म्हणाल्या, "म्हणून ती झोपतच नाही." त्या थंडीत ते ऐकत उभी राहिले, मग शिंक आली.

सकाळी केदारेश्वर. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: मोठी गुहा, तिच्यात कमरेपर्यंत पाणी, मधोमध भलंमोठं शिवलिंग. भोवती चार खांब होते, आता छतापर्यंत पोचणारा एकच उभा आहे. चार खांब म्हणजे चार युगं, शेवटचा पडला की कलियुग संपणार असं सांगतात. पाणी बर्फासारखं. विहीणबाई पदर खोचून उतरल्या. मी काठावरून नमस्कार केला. माझी श्रद्धा गुडघ्यांपर्यंतच. तीन प्रदक्षिणांचा संकल्प होता, एक झाली आणि त्या बाहेर आल्या तेव्हा ओठ जांभळे. तेवढ्यात वरून वहिनी गरम पाण्याची बादली घेऊन आल्या. कुणी सांगितलं नव्हतं. बादलीचे पन्नास रुपये नंतर बिलात लावले होते, आणि सबंध दोन दिवसांतले ते सगळ्यांत योग्य पन्नास रुपये होते.

मंदिराबद्दल फार लिहीत नाही. शिखर, बारीक कोरीवकाम, पुष्करणी आणि तिच्या कडेची छोटी छोटी देवळं, शिलालेख, चांगदेवांनी इथे तप केलं आणि तत्त्वसार लिहिलं ही कथा, हे सगळं निवांत बघायला सकाळी साडेसातची वेळ चांगली. नऊनंतर शनिवारची गर्दी येते. १९८७ मध्ये इथे आम्ही सहा जण आणि एक बैरागी होतो.

मंदिराजवळच्या गुहांच्या मागे जाऊ नका, किंवा जा आणि बघा. प्लास्टिकच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं. दादांकडचा कचरा पोत्यात भरून खाली जातो, पुतण्या नेतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पण तेच दादा चाळीस रुपयांना बाटलीबंद पाणी विकतात. मी विचारलं का, तर म्हणाले, "मावशी, न्हाई ठेवलं तर शेजारच्याकडं जात्यात." उत्तर खरं आहे, पण मला ते पटलं नाही. आम्ही त्यांच्या हंड्यातलं उकळून गाळलेलं पाणी आमच्या बाटल्यांत भरून घेतलं, ते फुकट होतं. तुम्हीही तेच करा.

नाश्त्याला पोहे. गार आणि कोरडे, कारण चाळीस माणसांचे एकदमच केलेले. त्याला गुण नाहीत.

खर्च. माणशी नऊशे, त्यात तंबू, अंथरूण, दोन जेवणं, नाश्ता, दोन चहा. वाटाड्या म्हणून दादा सोबत होते त्याचे वेगळे पाचशे. वाकळेची हमाली दोनशे, गरम पाणी पन्नास. बिल कागदावर लिहून दिलं, बेरीज बरोबर होती (मी ऑफिसातली, तपासतेच). चेनबद्दल शंभर कमी केले, मी न मागता. वर रेंज कधी येते कधी जाते, मोबाइलवरून पैसे पाठवायच्या भरवशावर राहू नका, रोख न्या. उतरल्यावर राजूरपर्यंतची जीप त्यांनीच ठरवून दिली. राजूरला पेढे घेतले, ते सांगायला नको.

पन्नाशी-साठीतल्या बायकांनी जावं का? जावं, पण पाचनईकडून, शुक्रवारी किंवा त्याआधीच्या एखाद्या वारी, आणि जेवणाची वेळ फोनवर दोनदा पक्की करून. स्लीपिंग बॅग हातात मिळाली की उजेड असतानाच चेन शेवटपर्यंत लावून बघा. सोबत कोण घ्यायचं हे तुमचं तुम्ही ठरवा. मी जिला घेऊन गेले तिच्याबद्दल लेकीनं परत आल्यावर विचारलं, "कसं झालं?" मी म्हटलं, "साडी सापडली." ती पटकन आत निघून गेली.

आणि वाकळ. उतरताना पुतण्या ती बांधायला लागला तर वहिनी काठावरून हात फिरवत म्हणाल्या, "टाके लई झ्याक हायत." विहीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. ती तिथेच ठेवून आलो. थंडीत कुणा मावशीला लागली तर द्यायची, भाडं घ्यायचं नाही, वर्षातून एकदा उन्हात घालायची, असं विहीणबाईंनी दादांना बजावून सांगितलंय. निळ्या ताडपत्रीखाली गेलात तर मागून बघा. आमसुली तुकडा पायाकडे येतो. पैसे मागितले तर मला कळवा.